पुरुषोत्तमचं डच

पुरुषोत्तमने अंक दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि हॉलभर फिरवून दाखवला.

"हे बघा! डच भाषेतलं साप्ताहिक. बातम्यांचं. इथे न्यूझीलंडमध्ये निघतंय, सत्तर वर्षं! आणि तुम्ही आपलं चौथ्या वर्षातच बंद करायला निघालात?"

हॅमिल्टनच्या मराठी मंडळाची सभा होती. ठराव एकच. मंडळाचं मराठी साप्ताहिक बंद करून यापुढे व्हॉट्सअ‍ॅपवरच निरोप पाठवावेत. या साप्ताहिकाचा संपादक, मुद्रितशोधक, व्यंगचित्रकार आणि 'वाचकांची पत्रे' या सदरातले निम्मे वाचक म्हणजे पुरुषोत्तम. आठवडाभर तो दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर असायचा, पण तिथे त्याला कोणी संपादक म्हणत नसे. साप्ताहिक गेलं तर आयुष्यात नुसती नोकरीच उरेल, या विचाराने त्याला चार दिवस नीट जेवण गेलं नव्हतं.

"पण पुरुकाका, वाचतं कोण?" सागर म्हणाला. "शुक्रवारी अंक येतो, आम्ही अंगठ्याचा इमोजी टाकतो. स्वीट अ‍ॅज, म्हणजे एकदम मस्त. उघडतं कोण?"

"हेच ते!" पुरुषोत्तम कडाडला. "न वाचताच वा वा करायची! या डच लोकांकडे बघा. बोटीने आले. दुसऱ्यांच्या गायी पिळल्या, सुतारकाम केलं. पण दर आठवड्याला जगाच्या बातम्या आपल्या भाषेत वाचल्या म्हणजे वाचल्याच."

पुरावा म्हणून त्याने त्या साप्ताहिकाच्या संपादिकेलाच बोलावून आणलं होतं. विल्माबाई ऐंशीच्या पुढच्या. वडिलांनी सुरू केलेलं साप्ताहिक आता त्या एकट्या चालवत होत्या. पहिल्या रांगेत बसून त्या कौतुकाने चकली खात होत्या. शेजारी पुरुषोत्तमची मुलगी जुई बसली होती, चाललेलं त्यांना इंग्रजीत सांगायला. जुईला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजीच. दारातच विल्माबाईंनी पुरुषोत्तमला विचारलं होतं, "या आठवड्याचा अंक वाचलास?" तो म्हणाला होता, "अगदी पहिल्या पानापासून. फार छान!" त्यावर त्यांनी त्याला एकदा नीट निरखून घेतलं होतं.

पुरुषोत्तमला डच येतं हे हॅमिल्टनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यानेच ते सगळ्यांना सांगितलं होतं. हॉलंडमधल्या आईंडहोवनला त्याने दोन वर्षं नोकरी केली होती आणि कॅन्टीनमध्ये चीज मागण्यापुरतं डच त्याला खरोखरच येत होतं. हे साप्ताहिक तो वर्गणी भरून मागवायचा आणि पाहुण्यांना दिसेल असं टीपॉयवर ठेवायचा. पाहुणे गेले की त्याची बायको सुनीती त्यावर मेथी निवडायची.

"वरती एवढ्या मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय रे?" अध्यक्ष बाळकाकांनी विचारलं. "वाच की जरा."

पुरुषोत्तमने अंक खाली घेतला. फोटोत काही म्हातारी माणसं हातात ग्लास घेऊन हसत होती. मथळ्यात सत्तरचा आकडा होता. बाकीचा एक शब्दही त्याच्या ओळखीचा नव्हता, त्यात चीज कुठेच नव्हतं. पण न वाचणाऱ्यांची आत्ताच सालटी काढली होती, आता मागे कुठे सरणार? त्याने ठोकून दिलं.

"'सत्तर वर्षं झाली, आणि आम्ही अजून उभे आहोत!'"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. जुई विल्माबाईंकडे वळली. "बाबा सेज इट सेज, सेव्हंटी यर्स अँड वी आर स्टिल स्टँडिंग."

विल्माबाईंचा चकलीचा हात तोंडाजवळच थांबला. "इज दॅट राइट?" बाळकाकांनी सरळ त्यांनाच विचारलं. पुरुषोत्तमला वाटलं, संपलं सगळं. साप्ताहिकही गेलं आणि चारचौघांत अब्रूही.

विल्माबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "येस. एक्झॅक्टली दॅट."

ठराव पडला. सागरनेसुद्धा साप्ताहिकाच्या बाजूने हात वर केला.

चहाच्या वेळी पुरुषोत्तम त्यांना बाजूला घेऊन आभार मानायला लागला, तेव्हा विल्माबाईंनी त्याच्या हातातला अंक घेतला. मथळ्याखालून बोट फिरवत त्यांनी हळू आवाजात इंग्रजीत अर्थ सांगितला.

"'सत्तर वर्षांनंतर हा शेवटचा अंक. आता वाचणारं कोणी उरलं नाही.'"

पुरुषोत्तमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला त्यांची क्षमा मागायची होती. पण तोंडून निघालं, "मग मघाशी तुम्ही हो का म्हणालात?"

विल्माबाईंनी अंकाची नीट घडी घातली आणि तो त्याच्या हातात परत दिला.

"लाजू नकोस, पुरू. आई-वडिलांची पिढी गेल्यापासून माझे सगळे वर्गणीदार अंक असाच वाचायचे. फोटो बघून."