जिभेची पारख

रेल्वेच्या गोऱ्या साहेबासाठी आलेली विलायती दारूची बाटली गडी कडूबानं परतूर स्टेशनावरून चार कोस चालत जागीरदाराच्या बंगल्यावर आणली. पाहुण्याला देण्याआधी जागीरदारानं कारभारी नरहररावांना घोटभर चाखायला लावली.

नरहररावांच्या तोंडात धूर भरला, मागून मनुकांची गोडी आली. मोहाच्या दारूपलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करायची लाज वाटली.

"सरकार, धूर लागतो, मागून मनुका लागतात. यात जहर कालवलंय."

"बूच म्या उघडलंच न्हाई, आईची आन!" कडूबा ओरडत राहिला. कबूल होईना म्हणून दुपारभर त्याला चाबकानं फोडून काढलं.

संध्याकाळी साहेब आला. धूर, मनुका आणि जहराची हकिकत ऐकून त्यानं बाटली हुंगली, हसला आणि कुणी अडवायच्या आत घोट घेतला.

"जहर कसलं! आमच्याकडे जव दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरावर सुकवतात, मग ही दारू द्राक्षाच्या दारूच्या पिपात वर्षानुवर्षं मुरवतात. दोन्ही चवी ओळखणारी जीभ कुणाची?"

जागीरदारानं खूश होऊन नरहररावांच्या खांद्यावर शाल टाकली.

ते बाहेर आले. अंगणात कडूबाच्या प्रेताशी त्याची बायको गोजरबाई बसली होती.

"कारभारी, खरं सांगा. बाटलीत जहर निघालं का वो?"



शाल सावरत नरहरराव म्हणाले, "निघालं."