तीन खटके

२०१९ साली लेकीने नवी गाडी घेतली. तिच्यात एकही बटण नव्हतं, सगळं काचेच्या पडद्यावर. ह्यांनी तीस वर्षं बस चालवलेली. म्हणाले, "पोरी, हाताला काही लागतच नाही. गाडी घेतलीस की आरसा?"

"शिकाल हळूहळू, बाबा," ती हसली.

एका सकाळी घाटात धुकं दाटलं आणि समोरची काच आतून पांढरी झाली. लेक पडद्यावर पंखा शोधू लागली. "आई, काही दिसत नाहीये गं."

तेवढ्यात खटका वाजला, जुन्या बसमधलं गोल बटण फिरवल्यासारखा. काचेवर वारा आला. दुसऱ्या खटक्याला वारा वाढला. तिसऱ्याला रस्ता दिसला.

मागे माझ्या शेजारी हे गाढ झोपले होते. त्यांची बोटं मात्र हवेत काहीतरी फिरवत होती.

मी घाबरून तो हात घट्ट धरला.

खटका पुन्हा वाजला. वारा कमी झाला. मी हात आणखी आवळला. दुसरा वाजला. तिसऱ्याला काच पांढरी झाली, आणि वळण आलं.

हे तिथेच गेले. लेक कुबडी घेऊन चालते, गाडीत बसत नाही. खटके तिनेही ऐकले होते. मी हात धरला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही.