विश्वासातलं माणूस

अमेरिकेतल्या पश्चिम बाल्टिमोरच्या त्या शाळेत पोरांची मनं सांभाळायला म्हणून ऐंशी पोस्टर, आठ बीनबॅग आणि एक समुपदेशक बाई आल्या. बाई फक्त मंगळवारी यायच्या. त्यांची वेळ मिळेस्तोवर पोरांचं रडू आपोआप आटून जायचं.

दारात मेटल डिटेक्टरपाशी दप्तरं तपासणारे ओडेलकाका मात्र रोज असायचे.

"काय गं केयोना, डोळे का सुजलेत?"

"आमच्या गल्लीत परत गोळ्या झाडल्या, काका. झोपच नाही. आणि आज गणिताचा पेपर!"

"बस दोन मिनिटं. हे चिप्स खा आधी. आणि पेपर कसा गेला ते सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही, काय?"

वर्षाच्या शेवटी शाळेत पाहणी झाली. 'शाळेत मनातलं कुणाशी बोलता?' या प्रश्नापुढे तीनशे बारा पोरांनी ओडेलकाकांचं नाव लिहिलं.

शिक्षण कार्यालयाने अहवाल फारच मनावर घेतला. आठवड्याच्या आत काकांच्या हातात पत्र पडलं: परवाना नसताना समुपदेशन केल्याबद्दल सक्त ताकीद. यापुढे विद्यार्थ्यांशी दप्तराखेरीज एक शब्द बोलाल, तर नोकरी जाईल.

दुसऱ्या दिवशी केयोना दारात आली तीच रडत. "काका, माझ्या भावाला गोळी लागली हो..."

काकांनी मान खाली घालून तिचं दप्तर तपासलं.

त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर नवंकोरं पोस्टर होतं: 'गप्प राहू नका. बोला. आम्ही ऐकतोय!'