कड्याचं उत्तर

डोंगराच्या माथ्यावर बाबांनी मुलीला प्रतिध्वनी शिकवला. समोरच्या कड्याकडे बघून ओरडायचं आणि गप्प राहायचं.

"ए आळशी!" ती ओरडली.

"ए आळशी!" कड्याने तिच्याच आवाजात परत केलं.

"बाबा, त्यानं तुम्हाला बरोबर ओळखलं!"

धुकं चढू लागलं तशी दोघं निघाली. उतरायला एकच वाट होती, त्याच कड्याच्या काठाने जाणारी.

"आता बडबड बंद. पाय कुठे पडतोय ते बघ," बाबा म्हणाले. ती शहाण्यासारखी गप्प झाली.

तेवढ्यात कड्यावरून तिचाच आवाज आला, "बाबा, हात सोडू नका!"

बाबांनी दचकून पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. मागची वाट धुक्याने केव्हाच गिळली होती.

कडा पुन्हा बोलला. या वेळी आवाज बाबांचा होता, आणि तो तिला हाका मारत होता.