दावं

सॅक पाठीवर टाकून ॲमेझॉनच्या काठानं एकटाच हिंडत होतो. नदीच्या मुखाजवळ, म्हशी पाळणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला घरी ठेवून घेतलं. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. सकाळी नदी चढताना दिसली. आमच्या शिरोळला महापुरात रोवतात तशी, पाणी किती चढतंय ते बघायला मी पाण्याच्या कडेला काठी रोवली. तासाभरात काठी बुडाली आणि खुंट्याला बांधलेल्या म्हशीच्या पोटाला पाणी लागलं. मी पाण्यात शिरलो, चाकूनं दावं कापलं आणि ओरडलो, "पळ की!" म्हातारा धावत आला आणि पोट धरून हसायला लागला. त्यानं समुद्राकडं बोट केलं, मग हात वर-खाली करून दाखवला. ती भरती होती. रोज चढायची, रोज उतरायची. मला हसू येईना. दावं मुठीत धरून तसाच उभा राहिलो. त्यानं काहीतरी विचारलं. मी मराठीतच सांगितलं, "महापुरात नावंत बसताना आईनं विचारलं, म्हशीचं दावं सोडलंस न्हवं? मी व्हय म्हणालो. सोडलं न्हवतं. म्हस पवत कुठंतरी लागली आसंल, असं म्हणती ती आजून." म्हाताऱ्याला एक शब्द कळला नाही, तरी तो मान हलवत राहिला. तेवढ्यात आईचा फोन आला. "नदीबिदीत उतरू नगंस. सोबतीला कोणतरी हाय न्हवं?" मी म्हणालो, "व्हय."