तुटलेल्या लिंकच्या जागी

तुम्ही लबाड आहात. पहिल्या नंबरावर कोण बसणार ते तुम्ही ठरवता, कसं ठरवता ते सांगत नाही, आणि उद्या कुणाचं वाटोळं झालं की हात वर करता.

डोळ्यांच्या दवाखान्याचा जिना चढताना ती मनातल्या मनात असं भांडत होती. कुणाशी? मोबाईलमधल्या शोधायच्या त्या रिकाम्या चौकटीशी, जिच्यात लोक आपलं दुखणं टाइप करतात आणि जे नाव वर येईल तिथे धावतात. चौकट कधी उलट बोलत नाही. म्हणून तर तिच्याशी भांडणं सोपं.

ऑफिसात बसल्या बसल्या दादाचा मेसेज आला होता. आईला आणलंय, आजच ऑपरेशन. खाली दवाखान्याचं नाव. ते वाचून ती हेडफोन गळ्यात तसाच ठेवून सुटली होती. ते नाव वर चढवणं हेच तर तिचं काम होतं. चांगल्या, जुन्या वेबसाइट ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्याला चौकट वर घेते. अशी बोटं गोळा करायचा पगार तिला मिळायचा. ऑफिसात त्याला लिंक बिल्डिंग म्हणत. दवाखाना तिने आज पहिल्यांदा पाहिला.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत, मान मागे टेकून. डावा डोळा केव्हाच गेलेला. उरलेल्या उजव्यात नर्सने औषध घातलं होतं. भिंतीवरच्या टीव्हीत मासे फिरत होते.

"आलीस? बरं झालं," दादा म्हणाला. "दवाखाना बघते बघते म्हणत होतीस. शेवटी मीच बघितलं."

ती बसली, उठली, पाण्याच्या मशीनपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत आली. हेच का निवडलंस, असं तिने विचारलं. पहिला नंबर बघून आलास ना?

दादाला राग आला. साधा कुकर घ्यायचा तरी आठवडाभर चौकशी करणारा माणूस तो. पहिल्या नंबरावर माझा कवडीचा विश्वास नाही, तो म्हणाला. मी अंध लोकांच्या संस्थेचं पान उघडलं. ती माणसं कशाला खोटं सांगतील? तिथे याच दवाखान्याचं नाव आहे. त्याने मोबाईल काढला आणि आईलाही ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. 'एका मुलीने आवर्जून कळवलं आहे, की तिच्या आईची नजर इथे वाचली.'

"बिचारीने मुद्दाम लिहिलं बघ," आई म्हणाली. "नाहीतर आपलं काम झाल्यावर कोण लिहितं?"

ते पान तिला चांगलंच माहीत होतं. त्या संस्थेच्या पानावर आधी एका जुन्या इस्पितळाची लिंक होती. इस्पितळ बंद पडलं, लिंक मेली. अशा मेलेल्या लिंका हुडकायच्या आणि पानवाल्याला गोड मेल टाकायचा, की तुमची ही लिंक चालत नाही, तिच्या जागी ही घाला. रोजचंच काम. संस्थेची माणसं पटकन ऐकेनात, म्हणून तिने मेलमध्ये एक आई घातली होती. त्यावर साहेबाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. डॉक्टर कसा आहे हो, असं तिने तेव्हा विचारलंही होतं. साहेब हसला होता. आपण रस्ता दाखवतो, म्हणाला, घरात कोण राहतं ते आपण कशाला बघायचं?

"दादा, ती मुलगी मी आहे."

"कोण मुलगी?"

"ते लिहिणारी."

दादाने आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आणि आई कोणाची?"

"कोणाचीच नाही."

दादा मोबाईलवर बोट फिरवत राहिला, जणू खाली कुठेतरी आणखी काही लिहिलेलं सापडेल. मग खालच्या आवाजात एकेक विचारत गेला. डॉक्टर कसा आहे? माहीत नाही. कुणाचं चांगलं झालेलं ऐकलंयस? नाही. वाईट? तेही नाही. चांगलाही असेल, ती म्हणाली.

"कुकर असता तर परत केला असता गं चिमे," दादा म्हणाला.

आतलं दार उघडलं. नर्सने आईचं नाव पुकारलं, व्हीलचेअर पुढे आणली आणि ब्रेक लावून उभी राहिली. डॉक्टर तयार आहेत, म्हणाली. लवकर करा.

दादा नर्सला काहीतरी सांगायला गेला आणि मध्येच थांबला. दोघंही आईकडे बघायला लागले, लहानपणी काही फुटल्यावर बघायचे तसे.

आईने हात पुढे केला आणि चाचपडत लेकीचं मनगट धरलं. तिचा डोळा सताड उघडा होता आणि लेकीच्या कानाच्या बाजूला, भलतीकडेच बघत होता.

"औषध घातलंय. मला आत्ता तुझा चेहरा दिसत नाही," ती म्हणाली. "तेव्हा तोंडाने सांग. आत जाऊ, की घरी जाऊ?"