सतरा नंबरचं दार

मुकादमाने सकाळी नवी यादी आणून दिली. रंगाऱ्याने ती वाचली आणि एका आकड्यावर अंगठा ठेवला.

"सतरा नंबर पण?"

"लिहिलंय ना."

"सतरा नंबर माझं घर आहे."

मुकादमाने यादी परत घेऊन डोळ्यांजवळ धरली. "म्हणजे तुम्ही अजून दिलंच नाहीत? कंपनीने अख्खी ओळ घेतली, तुमचंही त्यातच धरलं असेल." त्याने मान खाजवली. "सोडा हवं तर, मामा. मी वर सांगतो, चूक झाली म्हणून. नाहीतर करून टाका. तुमच्या मनावर."

एवढं बोलून तो मागच्या गल्लीत निघून गेला.

चार दिवसांत रंगाऱ्याने सोळा दारं केली होती. सगळी राखाडी. पूर्वी शिवणवाल्या ताईंचं दार पोपटी होतं आणि घड्याळवाल्या काकांचं निळं. तेही रंग त्यानेच दिलेले. खरवडायची पत्री फिरवली की त्याचेच रंगाचे जुने हात पापुद्र्यासारखे सुटून पायरीवर पडत. "मला इथून हलवायचं तर चौघं लागतील," असं काका सगळ्या गल्लीला सांगत फिरायचे. मंगळवारी आले चौघं, पण सामान उचलायला. काका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले आणि घड्याळ बघत राहिले. त्यांचं दार खरवडताना आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून रंगारी जरा थांबला होता. लाकूड अजून चांगलं आहे, एवढंच त्याच्या मनात आलं.

त्याच्या स्वतःच्या घरात कंपनीचा कागद सहा महिने कपाटाच्या खणात पडून होता. नुसती सही करायची राहिली होती. रोज जेवताना बायको विचारायची, "काय ठरवलंत?" तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." ती म्हणायची, "मी काय म्हणणार? तुम्ही म्हणाल तसं." मग दोघं ताटं उचलायची. मुलगी फोनवर वैतागायची, "तुमचं दोघांचं 'पहिले आप' चालू द्या. इथे खोली रिकामी ठेवलीय मी."

आदल्या दिवशीच्या दारांना दुसरा हात देऊन दुपारपर्यंत तो सतरा नंबरपाशी पोचला. पायरीवर बसून डबा खाल्ला, हात धुतले. मग काम सुरू करण्याआधी, प्रत्येक दाराशी करायचा तसं, त्याने दार वाजवलं. बायको कामावर गेली होती. आत कोणी नव्हतं. हे त्याला ठाऊकच होतं.

हे दार त्याने कधीकाळी उरल्यासुरल्या डब्यांतला रंग एकत्र करून रंगवलं होतं. त्या रंगाला नाव नव्हतं. बायको त्याला भेसळ म्हणायची. त्याने पत्री फिरवली, भेगांत लांबी भरली, काचकागद घासला, प्रायमर मारला. मनाशी काही ठरवून नव्हे. सोळा झाली होती, अठरा बाकी होतं आणि मध्ये हे होतं. सोडलं असतं तर ओळीत एकटंच दिसलं असतं. चारच्या सुमाराला प्रायमर वाळला आणि त्याने राखाडीचा डबा उघडला.

बायको दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. पाचला ती आली तेव्हा तो ब्रश धूत होता. ती पिशवी हातात धरून दारासमोर उभी राहिली.

"एक हात झाला?"

"एकच. दुसरा उद्या."

"म्हणजे ठरलं."

"यादीत होतं."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याने ब्रश झटकला.

"मला विचारायचं तरी."

"रोज म्हणत होतो की, तू म्हणशील तसं."

"तसं नव्हे हो," ती म्हणाली आणि कपडे सावरत, अंग चोरून आत गेली.

"दार लोटू नकोस. चिकटेल."

तिने चहा केला. दार सताड उघडं ठेवून दोघं प्यायला बसली. रस्त्यावरून आतलं सगळं दिसत होतं: पलंग, कपाट, दोरीवरचा टॉवेल. आपलं घर इतकं लहान आहे हे त्याला आजच दिसलं.

दारांवरचे नंबर बघत एक तरुण जोडपं चाललं होतं. सतरापाशी ते थांबलं. त्यातल्या मुलीने आत डोकावलं.

"हे बघायला उघडं ठेवलंय ना?"

रंगारी उठला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं.

"या," बायको म्हणाली. "फक्त दाराला अंग लावू नका. रंग ओला आहे."

ती दोघं आत आली. मुलाने भिंतीवर बोटांनी टकटक केलं. मुलीने छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"ऊन येतं का हो?"

"सकाळी स्वयंपाकघरात," रंगारी म्हणाला. "तीननंतर इथे, त्या खुर्चीपर्यंत."

"थंडीत त्याच्याही पुढे," बायको म्हणाली.

"आणि शेजार कसा आहे?" मुलाने विचारलं.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं नाही.

"शांत आहे," बायको म्हणाली.

मुलीने पर्समधून मोजायची टेप काढली. मुलगा फोनवर कोणाशी तरी बोलत मागच्या खिडकीकडे गेला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि टेपचं टोक रंगाऱ्यापुढे केलं.

"काका, एवढं तिकडे धरता?"

त्याने कप खाली ठेवला. पलंगामागच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून टेपचं टोक भिंतीला लावलं.

"थोडं वर," ती म्हणाली.

त्याने थोडं वर घेतलं. तिने आकडा दोनदा वाचला, लिहून घेतला, पुन्हा एकदा वाचला. तोवर त्याने टेप हलू दिली नाही.